आधी प्लाय, मग रंग

सकाळी ६:४५
नऱ्ह्यातलं पत्र्याचं शेड. मिस्त्री कुलूप काढतात आणि सगळ्यात आधी कटरचं ब्लेड उजेडाकडे धरून बघतात. चाळीस दातांचं ब्लेड आहे, त्यातले दोन दात झिजलेत. प्लायच्या थरांमधला वाळलेला गोंद लाकडापेक्षा जास्त धार खातो. धार लावायला ५० रुपये, नवीन घ्यायचं तर ३००. "आजचा दिवस निघंल," म्हणतात आणि ब्लेड पिशवीत टाकतात.

पिशवीत ड्रिल, ट्रिमर, दोन पटाश्या, कानस, गुण्या, लेव्हल पाईप. वर एक लाकडी रंधा. तो वडिलांचा. वडील बार्शीकडच्या एका गावात बलुतेदार सुतार होते. औत, पाभर, बैलगाडीची चाकं करायचे. मजुरी खळ्यावर धान्यात मिळायची. मिस्त्री तिसाव्या वर्षी पुण्यात आले. सुरुवातीला दारं-खिडक्या, मग दिवाण आणि कपाटं केली. आता बहुतेक स्वयंपाकघरंच करतात. पुण्यात लोक त्याला ‘ट्रॉल्या करणं’ म्हणतात.

भाचा मोटरसायकलवर येतो. तो कारागीर, हजेरी ११०० रुपये. मागे बसलेला पोरगा गोरखपूरकडचा, हेल्पर, हजेरी ७००. टपरीवर तीन चहा आणि एक क्रीमरोल. पैसे मिस्त्री देतात.

सकाळी ७:५०
सिंहगड रस्त्यावरची जुनी सोसायटी, तिसरा मजला. स्वयंपाकघर आठ बाय दहाचं, ओटा एल आकाराचा. आजचं काम जुन्या ट्रॉल्या काढणं, माल आणणं आणि कापायला घेणं. दसरा दोन आठवड्यांवर आहे आणि घरच्यांना दसऱ्याला नव्या स्वयंपाकघरात पुरणाचा स्वयंपाक करायचाय.

घरात सासू-सून. सून बँकेत आहे, आज दुसरा शनिवार म्हणून घरी. मिस्त्री तिला ताई म्हणतात, सासूबाईंना आजी.

भिंतीवर सनमायक्याचे चार तुकडे आठवडाभरापासून चिकटपट्टीने लावलेत. दुकानातून आणले तेव्हाच मिस्त्रींनी सांगितलं होतं, "दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. तुमच्या खिडकीच्या उजेडात बघा, संध्याकाळी ट्यूब लावून बघा. आडवा धरू नका, उभा लावा. शटर उभंच असतंय." एक तुकडा गर्द निळा, चकचकीत. एक पांढरा, मॅट. एक राखाडीकडे झुकणारा लाकडी, हलक्या रेघांचा. चौथाही लाकडी, पण खोल खरखरीत रेघांचा.

आजींनी स्वतःची परीक्षा घेतलीय. काल रात्री फोडणीच्या तेलात हळद कालवून चारी तुकड्यांवर एकेक बोट ओढलं. सकाळी ओल्या फडक्याने आणि भांडी घासायच्या साबणाने पुसलं. निळा स्वच्छ निघाला, पण त्यावर घरातल्या सगळ्यांची बोटं उमटलेली दिसतात. पांढरा निघाला, अंधूक पिवळी कड राहिली. हलक्या रेघांचा लाकडी स्वच्छ. खोल रेघांच्या तुकड्यात हळद रेघांमध्ये बसली ती बसलीच.

"हा नको," आजी म्हणतात. "दिसायला झकास, पण घासणार कोण?"

भाच्याला निळा आवडलाय. त्याने फोनवर तसलीच दोन स्वयंपाकघरं दाखवली. मिस्त्री काही बोलत नाहीत, निळ्या तुकड्यावर नुसता अंगठा टेकवून बाजूला होतात. ठसा खिडकीच्या उजेडात चमकतो. ताई हसते. खाली हलका लाकडी आणि वर मोतिया पांढरा, असं ठरतं. खाली गुडघे लागतात, पिठाचे हात लागतात, फरशी धुताना पाणी उडतं. वर फक्त वाफ जाते.

सकाळी ८:२०
"ताई, आता भांडी काढा. सगळी."

हॉलमध्ये चादर अंथरली जाते. परात, कढया, दोन कुकर, ताटं, वाट्या, तांदळाचा डबा, मसाल्याचा डबा, लोणच्याच्या बरण्या. मिस्त्री टेप लावून एकेक मोजतात आणि जुन्या सनमायक्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितात. परात १६ इंच. मोठा कुकर शिट्टीसकट १० इंच. तांदळाचा डबा १४. तयार स्टीलच्या बास्केट १५, १७, १९, २१ इंच रुंदीत मिळतात. परात सहज बसायची तर १९ ची हवी. दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनल अर्धा-अर्धा इंच खातो. म्हणजे खोका आतून २० इंच. त्यावरून प्लायचं माप. एका परातीने एका खोक्याचं माप ठरतं.

मग आजींना ओट्यासमोर उभं करतात. "आजी, हात वर करा. टाचा उचलू नका." आजींची उंची ४ फूट १० इंच. बोटं जिथे टेकतात तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ. वरची कपाटं सहसा ओट्यापासून २४ इंचांवर लावतात. इथे २२ वर येतील, म्हणजे पहिला कप्पा आजींच्या हातात राहील. "चहा-साखर इथंच ठेवा. वरच्या कप्प्यात दिवाळीची भांडी."

सकाळी ९:००
सोसायटीत नऊच्या आधी आवाज करायचा नाही. नऊला भाचा पहिला स्क्रू काढतो. शटर उतरतात, बास्केट निघतात. पोरगा खिळे-स्क्रू डब्यात गोळा करतो. अर्ध्या तासात सिंकखालचा खोका उघडा पडतो.

मिस्त्री ताईला बोलावतात. खोक्याच्या तळाची फळी फुगून जवळजवळ दुप्पट झालीय. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवतात. टोक आत जातं, जोर लावावाच लागत नाही. बाहेर भुसा येतो, ओला, तपकिरी, आंबूस वासाचा. वरचा सनमायका मात्र अजून छान आहे. त्याच्यावरची फुलं तशीच.

"पाणी वरून जात नाही, ताई. कडेनं जातं. इथं कड उघडी ठेवली होती बघा, पट्टी लावलीच नाही. आणि प्लाय साधा."

बाकीचे खोके कोरडे आहेत. तळाच्या एका फळीमुळे सगळ्या ट्रॉल्या खाली बसल्या आणि शटर वाकडी झाली.

सकाळी १०:३०
मिस्त्री मोटरसायकलवर, ताई स्कूटरवर. भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. दोन्ही बाजूंना प्लायची, हार्डवेअरची, सनमायक्याची दुकानं. मधून हातगाड्या, टेम्पो आणि डोक्यावर दारं घेतलेले हमाल.

माल घ्यायला मिस्त्री गिऱ्हाइकाला सोबत आणतात. दुकानदार सुताराला टक्का देतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मिस्त्री दुकानात शिरतानाच सांगतात, "शेठ, माझा टक्का बिलातच कमी करा." एवढं बोललं की पुढे भावावरून वाद होत नाही.

आता शीट. एक शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. जाडी १९ एमएम. दुकानदार तीन प्रकार काढतो. साधा कमर्शियल, चौरस फुटाला ७० रुपये. बीडब्ल्यूआर, ९० रुपये. मरीन, म्हणजे बीडब्ल्यूपी, ११५ रुपये. पहिले दोन आयएस ३०३ या मानकाखाली येतात, मरीन आयएस ७१० खाली. मिस्त्री शीटवरचा आयएसआय शिक्का शोधतात. वर आयएस नंबर, खाली परवान्याचा सीएमएल नंबर. दोन्ही असले तरच पुढे.

मग ते शीटच्या कडेला खाली बसतात. कडेवरून बोट फिरवतात, फूटभर सरकतात, पुन्हा फिरवतात. थर मोजतात. कुठे दोन पट्ट्यांमध्ये फट दिसते का, कुठे एक पट्टी दुसरीवर चढलीय का, ते बघतात. एका शीटच्या कडेला पातळशी फट आहे, त्यात टेपचं टोक शिरतं. ती शीट बाजूला. दुसरीवर बोटाच्या पेराने ठोकत जातात. आवाज सगळीकडे एकसारखा भरीव यायला हवा. मध्येच पोकळ आला तर आत जागा आहे, आणि नेमका तिथेच बिजागरीचा स्क्रू यायचा.

"मरीनमध्ये काय वेगळं?" ताई विचारते.

"गोंद वेगळा. फिनॉलचा. ७१० ची परीक्षा असते, तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. थर सुटले नाहीत तर पास. साध्यातला गोंद युरियाचा. कोरड्या खोलीत चालतो, सिंकखाली नाही."

हिशोब कागदावर येतो. १९ एमएमच्या सहा शीट लागणार. सगळ्या कमर्शियल घेतल्या तर १३,४४०. सगळ्या मरीन घेतल्या तर २२,०८०. फरक ८,६४० रुपयांचा. ताई थोडा वेळ कागदाकडे बघत राहते, मग म्हणते, "मरीनच घेऊ. सगळ्या."

मिस्त्री मान हलवतात. "खाली चार मरीन घ्या. वर पाणी जात नाही, तिथं दोन बीडब्ल्यूआर बास होतील. १,६०० वाचतात. ते बिजागऱ्यांत घाला."

चार मरीन, दोन बीडब्ल्यूआर, शिवाय पाठीसाठी ६ एमएमच्या दोन. १८ टक्के जीएसटी धरून बिल २८,०९३ रुपये. मिस्त्री बिलावर प्लायचा प्रकार आणि आयएस नंबर लिहून घेतात. दुकानदाराला सवय आहे, तो न विचारता लिहितो.

सकाळी ११:४५
सनमायक्याचं दुकान. एक एमएमची डिझाइनची शीट १,६५० ला. लाकडी दोन, मोतिया एक. मिस्त्री दोन्ही लाकडी शीटचा मागचा बॅच नंबर जुळवून बघतात. नंबर वेगळा असला तर रंगात फरक पडतो, आणि तो शटर शेजारी-शेजारी लागल्यावरच दिसतो.

सनमायका म्हणजे कागदच. खाली फिनॉलच्या राळेत भिजवलेल्या जाड तपकिरी कागदाचे थर, वर नक्षीचा कागद मेलामाइनमध्ये भिजवलेला. तापवून, प्रचंड दाबाखाली एकजीव केलेला. हळद, पाणी, गरम पातेलं सोसते ती ही मेलामाइनची कातडी.

आतल्या बाजूला ०.८ एमएमचा पांढरा, ७५० रुपये शीट. ताईला तो फालतू खर्च वाटतो. शटरच्या आत कोण बघतंय? मिस्त्री दुकानातलीच एक फळी उचलून देतात, एकाच बाजूला सनमायका लावलेली. ती डोळ्यांसमोर आडवी धरली की मध्ये बाक दिसतो. "एकाच बाजूनं चिकटवलं की फळी तिकडं ओढली जाते. दोन्हीकडून लावलं की सरळ राहते." पांढऱ्याच्याही शीट बिलात जातात.

दुपारी १२:३०
हार्डवेअर. बिजागऱ्या. साधी ऑटो जोडी १४०, सॉफ्ट-क्लोज ३४०. शटर आठ. फरक बरोबर १,६००, म्हणजे प्लायमध्ये वाचलेले. ताईला आता बिजागऱ्यांचा हिशोब कळला.

सिंकजवळच्या ताटांच्या बास्केटसाठी मिस्त्री ३०४ स्टील मागतात. बाकी ठिकाणी २०२ चालेल. २०२ मध्ये निकेल कमी, ओल्या जागी लवकर गंजतं. खोक्यांखाली चार इंची पीव्हीसीचे पाय. फरशी धुतली तरी पाणी पायाखालून जाईल, प्लायला लागणार नाही. शेवटी गोंदाची बादली. झाकणाखाली सुतारासाठी कूपन असतं. ते मिस्त्री खिशात ठेवतात.

दुपारी १:१५
‘छोटा हत्ती’ टेम्पो भरला जातो. भाडं १,२०० रुपये. मरीनची एक शीट ३५ ते ४० किलो. दोन हमाल एकेक उचलून पाठीवर घेतात, मान वाकडी करून, एक हात वर, एक खाली. पावसाची एक सर येऊन गेलीय, म्हणून वर ताडपत्री. शीटची कड ताडपत्रीबाहेर राहिलेली मिस्त्रींना चालत नाही. दोर सोडून पुन्हा बांधायला लावतात.

ताई घरी जाते. मिस्त्री हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवतात. भाकरी, झुणका, कांदा. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ही केंद्रं राबणाऱ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून काढली. शेजारी आत्ताच शीट चढवलेला हमाल बसलाय. दोघं पावसाबद्दल बोलतात. दहा मिनिटांत हात धुऊन मिस्त्री उठतात.

दुपारी २:२०
आठ फुटी शीट लिफ्टमध्ये मावत नाही. शीटला मजल्यामागे २० रुपये हमाली. आठ शीट, तीन मजले, ४८० रुपये. जिन्याच्या वळणावर प्रत्येक शीट उभी करून फिरवावी लागते. पोरगा पुढे राहून भिंतीला कोपरा लागू देत नाही. भिंतीला खरचटलं तर सोसायटी पैसे मागते. सनमायका गुंडाळून लिफ्टने येतो.

दोन ते चार सोसायटीची शांत वेळ. मशिन बंद. हे दोन तास वाया जाऊ द्यायचे नाहीत. मिस्त्री हॉलमध्ये शीट आडवी टाकतात आणि गुण्या लावून आखायला बसतात. सनमायक्याच्या लाकडी रेघा उभ्या धरायच्या. शेजारची शटर एकाच शीटमधून, एकाच ओळीत, म्हणजे रेघ एका शटरवरून दुसऱ्यावर सलग जाईल. पाठीवर नंबर: १, २, ३. प्रत्येक कापाला ब्लेड ३ एमएम खातं, तेही धरायचं. चार काप म्हणजे १२ एमएम. हे विसरलं तर शेवटचं शटर अर्धा इंच तोकडं येतं आणि १,६५० ची शीट पुन्हा आणावी लागते.

भाचा दमून भिंतीला टेकलाय. "मामा, फॅक्टरीवाले कंप्युटरवर करतात हे."

"करू दे की. परात कोण मोजतंय त्यांची?"

दुपारी ४:००
कटर सुरू. बाल्कनीत, दार लावून, फटीला ओलं पोतं. तरी भुसा घरभर. पोरगा शीट धरतो, भाचा लाकडाची सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळतो, मिस्त्री कटर पट्टीला टेकवून ढकलतात. सावकाश. घाई केली की कडेचे तुकडे उडतात. मरीन कापताना वास कडवट, आणि मोटरचा आवाज जड होतो. झिजलेले दोन दात इथे कळतात. कड थोडी काळी पडते. मिस्त्री थांबतात, पोराला ३०० रुपये देतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन ब्लेड मागवतात. हे ३०० मजुरीतूनच जातात.

आजी चहा आणि पोहे देतात. मिस्त्री पोहे उभ्यानेच खातात, नजर मापाच्या तुकड्यावर.

सिंकखालचा खोका ते स्वतः करतात. चारही फळ्यांच्या कापलेल्या कडांना ब्रशने सीलर, दोन हात. पाईप जायचं भोक पाडलं की त्याच्या आतल्या गोल कडेलाही. करंगळीला कापड गुंडाळून ते भोकाच्या आत फिरवतात. हा भाग नंतर पाईपने झाकला जाईल.

संध्याकाळी ६:००
आवाज बंद. आता चिकटवायचं काम. शटरच्या फळीवर गोंद ओततात आणि सनमायक्याच्याच दातेरी तुकड्याने पसरवतात. थर सगळीकडे सारखा हवा. कमी पडला तर तिथे पोकळ, जास्त झाला तर फुगा. वर सनमायका, चारी बाजूंनी थोडा जास्त. मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत जायचं. मग फळी उलटी, मागे पांढरा. एकावर एक आठ शटर, मध्ये वर्तमानपत्र. वर जुन्या कडप्प्याचे तुकडे, पाण्याचे कॅन, रंगाच्या बादल्या. उद्या रविवार, सोसायटीत काम बंद. सोमवारपर्यंत दाब राहील. फायदाच आहे.

सोमवारी कडा ट्रिमरने साफ होतील. मग शटर मशिनवर, कडेला पीव्हीसीची पट्टी लावायला. फुटाला १० रुपये, शंभरेक फूट, हजार रुपये. हातानेही लावता येते. पण मशिनचा गोंद वितळून कडेत शिरतो. हाताने लावलेली पट्टी सिंकजवळ पहिल्यांदा सुटते.

नंतर बिजागरीची भोकं, ३५ एमएम व्यासाची, १२ एमएम खोल. १९ च्या फळीत फक्त ७ उरतात. "तिथं माझाच हात लागतो," मिस्त्री म्हणतात.

संध्याकाळी ७:३०
झाडू मारून होतो. शनिवार म्हणजे पगाराचा दिवस. या कामाची मजुरी समोरच्या बाजूच्या चौरस फुटाला ५००. साठ फूट, ३०,००० रुपये. नऊ दिवस लागतील. दोघांची हजेरी १६,२०० जाईल. उरलेल्या १३,८०० मधून पेट्रोल, ब्लेड, ड्रिलची टोकं, चहा. राहील ते मिस्त्रींचं.

आठवड्याचे पहिले पाच दिवस दुसरीकडच्या कामावर गेले. ते काम संपलं, पण शेवटचे ८,००० तिथल्या गिऱ्हाइकाने पुढच्या महिन्यावर टाकलेत. भाच्याचे सहा दिवसांचे ६,६००. बुधवारी त्याने १,००० उचल घेतली होती, म्हणजे ५,६००. पोराचे ४,२००. एकूण ९,८००.

ताई ठरल्याप्रमाणे पहिला हप्ता देते, १०,००० रुपये. मिस्त्री मोजतात, जिन्यातच दोघांचे वेगळे करून हातात देतात. पोरगा लगेच फोन काढून गावी पैसे पाठवतो. मिस्त्रींच्या खिशात २०० उरतात आणि गोंदाच्या बादलीतलं कूपन.

"सोमवारी नऊला येतो, ताई. दसऱ्याच्या आधी होतंय."

तुमच्याकडे स्वयंपाकघर करायचं असेल तर रंग शेवटी निवडा. आधी भांडी बाहेर काढून मोजायला द्या. प्लायची कड बसून बघा, बिलावर आयएस नंबर लिहून घ्या, सिंकखालच्या खोक्यावर पैसे वाचवू नका. सनमायका घरी आणून आठवडाभर भिंतीवर लावा आणि त्याला हळद लावून बघा. आणि मिस्त्रीचा हप्ता ठरल्या दिवशी द्या. त्याच पैशातून त्याला त्या संध्याकाळी दोघांची हजेरी द्यायची असते.